पिशवी ओळखणारे मुन्शीजी

मुन्शीजी माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी त्याच्या हातातली पिशवी पाहत. आमच्या तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागदांची एक पिशवी असतेच. खताच्या दुकानाची पिशवी असली तर धुऱ्याचं भांडण, म्हणजे बांधावरून भाऊबंदकी. साडीच्या दुकानाची, घडी करून छातीशी धरलेली असली तर खावटीचं, म्हणजे पोटगीचं प्रकरण. दवाखान्याची असून तिच्यातून एक्स-रेचा लिफाफा डोकावत असला तर अपघाताचा दावा. आणि ज्याचे दोन्ही हात खिशात आहेत, तो साक्षीदार. हे सगळं मुन्शीजी पंधरा पावलांवरून सांगत आणि चुकत नसत. चुकले ते एकदाच, आणि त्या चुकीत माझा हात होता.

मुन्शी म्हणजे वकिलाचा कारकून. हे सव्वीस वर्षं एकाच वकिलांकडे होते. मी एकोडीची, बी. कॉम. झाल्यावर कोर्टाच्या आवारातल्या टिनाच्या शेडमध्ये प्रतिज्ञापत्रं टाइप करायला बसले, तेव्हा माझ्या टेबलाला लागूनच त्यांचा बाक होता. तीन वर्षं आम्ही एकाच पंख्याखाली काढली. आज मी नागपुरात एका मोठ्या लॉ फर्ममध्ये आहे. माझ्या पदाचं नाव इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे, पण खरं सांगायचं तर वकिलांकडे काम यावं हे पाहणं माझं काम. वकिलाला जाहिरात करता येत नाही, तसा नियमच आहे. म्हणून आम्ही जाहिरातीला 'माहिती' म्हणतो, ओळखीला 'संबंध' म्हणतो आणि सगळं साळसूदपणे चालवतो. मुलाखतीत मला विचारलं होतं, नवख्या पक्षकाराचा विश्वास कसा मिळवाल? मी म्हणाले, आधी पाणी विचारायचं, मग गाव, काम शेवटी. साहेब लोक एकमेकांकडे बघायला लागले. हे वाक्य कुणाचं, ते मी सांगितलं नाही.

मुन्शीजींचा क्रम तोच होता. "पानी घेता काय जी?" मग, "गाव कोनतं?" गाव कळलं की तिसऱ्या प्रश्नाला त्यांचं नातं निघालंच म्हणून समजा. कुणाची मावशी, कुणाची सून, कुणाच्या साळ्याचा साडू. काम मात्र ते कधीच विचारत नसत. मला सांगायचे, "पोरी, काम त्येच सांगते. आपन विचारलं का मानूस भेते." शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं मी एकदा त्यांना चिडवायला म्हणाले, तर म्हणाले, "शहाना चढत नाई हे खरं हाये. पन जो चढला त्याले खाली उतरवून आनाले कोनी तरी पाह्यजे का नाई?"

आणि ते खरंच उतरवून आणत. एक म्हातारी साडीच्या पिशवीत कागद घेऊन मुलावर खावटीचा दावा लावायला आली होती. मुन्शीजींनी तिला पाणी दिलं, गाव विचारलं, मुलाला फोन करून बोलावून घेतलं आणि दोघांना एकाच बाकावर बसवून चहा पाजला. दावा तिथेच संपला. वकीलसाहेब संतापले. "मुन्शी, तुम्ही काम आणता का घालवता?" मुन्शीजी शांतपणे म्हणाले, "साहेब, हे माय परत गेली ना, आता तिचं अख्खं गाव येईन." दोन वर्षांत ते गाव आलं. पुढे नागपुरात मोठमोठे वक्ते हीच गोष्ट पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायचे, तेव्हा मला हसू यायचं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. एका दिवशी या गावची, दुसऱ्या दिवशी त्या गावची. सासरी गेलेल्या पोरी येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, नाटकं होतात. मुन्शीजी दहा-बारा मंडया सोडत नसत. एकदा दिघोरीच्या मंडईला मी त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या सोबत गेले होते. दिवसभरात त्यांनी निदान दोनशे माणसांशी गप्पा केल्या असतील. धान कसं आहे, पोरीचं कुठं जमलं, बैलाचा पाय बरा झाला का. कोर्टाचं नाव नाही. मी विचारलं तर पान चघळत म्हणाले, "मंडईत कामाचं नाव काढलं का लोक दूर पळतेत. इथं आपन फक्त दिसायचं. मग अडलं का त्यायले आपलाच चेहरा आठवते." हा त्यांचा पक्का नियम होता. तो मोडायला मी लावला.

झालं ते असं. आमच्या फर्मनं आणखी दोन-तीन फर्मांना घेऊन नागपूरच्या एका हॉटेलात दिवसभराचं शिबिर ठेवलं. आमच्या धंद्यातल्या लोकांनी कौशल्यं वाढवावीत, एकमेकांच्या ओळखी कराव्यात, असा हेतू. मी साहेबांना मुन्शीजींबद्दल इतकं सांगितलं होतं की ते म्हणाले, घेऊन या त्यांना. मुन्शीजी सकाळच्या गाडीनं वरठीहून आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, हातात नवी डायरी. पहिल्या रांगेत बसले. वक्ता सांगत होता, नावं लक्षात ठेवा, आधी ऐका, विकायची घाई करू नका. मुन्शीजी माझ्याकडे झुकून म्हणाले, "पोरी, हे तर आपन करूनच राहिलो ना?" मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

मग चहाची सुट्टी झाली आणि सगळ्यांनी खिशातून कार्डं काढली. जो तो यांच्यापुढे कार्ड धरे आणि यांच्या कार्डासाठी हात पुढे करे. मुन्शीजी पहिल्यांदा हसत म्हणाले, "मानूस समोर उभा हाये, कार्ड कायले?" लोक हसले, चांगल्या मनानंच हसले. पण एका बाईंनी विचारलं, "तुमचं पद काय?" सव्वीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "मुन्शी," ते म्हणाले. इतक्या खालच्या आवाजात त्यांना बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मी घरी जायचं म्हणून त्यांच्याच गाडीनं निघाले. वरठी येईपर्यंत ते मांडीवर कार्डं मांडून बसले होते. एकेक उचलायचे, उलटं करून बघायचे, परत ठेवायचे. स्टेशनावर उतरल्यावर म्हणाले, "मले बी एक करून देशीन काय?" पायाखालचा फलाट बघत विचारलं त्यांनी. मी म्हणाले, एक कशाला, शंभर करून देते.

रविवारी बसून मी ते कार्ड केलं. त्यांचं नाव, खाली 'जनसंपर्क प्रमुख', त्याखाली वकीलसाहेबांचं नाव, फोन नंबर. मग ओळीनं, जमिनीचे दावे, अपघाताचे दावे, कौटुंबिक वाद. आणि सगळ्यात खाली, मोठ्या हौसेनं सुचलेली माझी ओळ: 'योग्य सल्ला, हमखास न्याय'. आमच्या ऑफिसात दिवाळीचं शुभेच्छापत्रसुद्धा दोन वकिलांनी वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. नियम मला तोंडपाठ होता. पण तालुक्याच्या ठिकाणी कोण बघतं, असं मला वाटलं. शिकल्यासवरल्या माणसाला लहान गाव आंधळं वाटतं, तसं ते मला वाटलं. याला दुसरं नाव नाही.

कार्डं हातात आल्यावर मुन्शीजी पालटले, असं काकू सांगतात. शर्टाचा वरचा खिसा सारखा चाचपायचे. त्या वर्षीच्या मंडईत पहिल्यांदाच त्यांनी पानासोबत कार्ड द्यायला सुरुवात केली. दिघोरीला एक अनोळखी माणूस खताच्या दुकानाची पिशवी घेऊन उभा दिसला. खताची पिशवी, म्हणजे धुरा. मुन्शीजींनी पाणीही विचारलं नाही, गावही नाही. सरळ कार्ड पुढे केलं आणि म्हणाले, "धुऱ्याचं असन तर आपल्या साहेबाकडे या जी, काम पक्कं होईन." मंडईत प्रत्येकाच्या हातात पिशवी असते. त्यात कागद नसतात, चिवडा असतो. तो माणूस आमच्याच कोर्टातल्या दुसऱ्या एका वकिलाचा मेहुणा होता आणि मंडईला पाहुणा म्हणून आला होता.

महिन्याभरात त्या वकिलानं तक्रार केली. अर्जाला ते कार्ड टाचणीनं लावलेलं होतं. वकीलसाहेबांची सनद पणाला लागली. माणूस वाईट नव्हता, पण सनद गेली असती तर घर बसलं असतं. त्यांनी लिहून दिलं की सदर इसम माझ्याकडे कामाला नाही, कार्ड माझ्या परवानगीनं छापलेलं नाही. दुसरं वाक्य खरं होतं. मग कोर्टाच्या फलकावर, काचेच्या आत, दलालांची यादी लागली. यादीत एकच नाव होतं. यादीतल्या माणसानं कोर्टाच्या आवारात पाय ठेवायचा नाही.

मी धावत गेले. मुन्शीजी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसले होते, कोर्टाच्या फाटकाकडे पाठ करून. मी रडायलाच लागले. म्हणाले, मी लिहून देते की कार्ड मी केलं, शब्द माझे, चूक माझी. त्यांनी माझ्यासाठी एक चहा सांगितला. मग म्हणाले, "लिहू नोको. तुह्या फर्मचं नाव येईन, नोकरी जाईन. आनि मी म्हतारा झालो, मले आता कुठं जायचं हाये?" नागपुरात साहेबांना विचारलं तर त्यांनीही हेच सांगितलं, फक्त मुन्शीजींनी मायेनं सांगितलं आणि साहेबांनी दार लावून घेऊन. मी लिहिलं नाही. मुन्शीजींनीच नको म्हटलं, असं मी पुढे चार वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांचं नको म्हणणं माझ्या सोयीचं होतं.

नाव काढून घ्यायचा एक रस्ता होता. अर्ज करायचा, पण तो ज्याचं नाव त्यानंच, स्वतः आत येऊन द्यायचा. आणि आत यायची तर त्यांना मनाई. मुन्शीजींनी दोनदा फाटकापाशी जाऊन पाहिलं. शिपाई ओळखीचा, डोळे खाली घालून म्हणाला, "मुन्शीजी, मले अडचनीत नोका टाकू." त्यानंतर ते गेले नाहीत. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याला ती पायरी चढताना हात दिला, त्याला ती पायरी बंद झाली.

टपरीवर मात्र ते रोज येत. काकू म्हणायच्या, घरी बसा, तर म्हणत, "घरी बसून काय करू, लोक तर इथंच येऊन राहिले." पिशव्या घेतलेली माणसं सवयीनं त्यांच्याकडे यायची. एकदा मी समोर असताना साडीच्या दुकानाची पिशवी छातीशी धरलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मुन्शीजी, कोन्या वकिलाकडे जाऊ जी?" मुन्शीजींनी मान खाली घातली. "मले काई मालूम नाई जी." म्हातारा उभाच राहिला. मुन्शीजींनी पाण्याचा गिलास पुढे केला, "पानी घ्या," म्हणाले, आणि गाव विचारता विचारता थांबले. मी त्यांना म्हणाले, खावटी ना? सूनबाईचं प्रकरण दिसतंय. ते म्हणाले, "मी आता पिशवी पाहत नाई, पोरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. आजारी असे पडलेच नाहीत, जेवण कमी होत होत बंद झालं. तेरवीला कुठकुठली माणसं आली होती, दिघोरीकडची, साकोलीकडची. अंगणात मावत नव्हती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, कुणी तांदूळ आणलेले, कुणी भाजी. वकीलसाहेब आले नाहीत. पंगती उठल्यावर काकूंनी रबर लावलेला एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला. उरलेली कार्डं. "फेकाले मन होत नोहतं त्यायचं," त्या म्हणाल्या. "तू पोरीसारखी, तुनं केलं होतं म्हनून." माझ्यावर राग धरला असता तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी कोर्टाला पत्र लिहिलं. कार्ड मी केलं, मजकूर माझा, त्यांना नियम माहीत नव्हता, मला होता. सही केली. फर्मचं नावही लिहिलं. होईल ते होवो म्हटलं, आणि अर्ज, पत्र, कार्ड एका कापडी पिशवीत घालून कोर्टात गेले. शेडमध्ये मुन्शीजींच्या बाकावर दुसरा कुणी कारकून मोबाइल बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. पाणी कुणी विचारलं नाही.

आत कचेरीतल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट वाचला. "हे ज्याचं नाव त्यानंच द्यावं लागते. स्वतः हजर राहून."

"ते वारले," मी म्हणाले.

बाबूंनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. चिडून नाही, अगदी समजावल्यासारखं म्हणाले, "मंग आता कायले काढता, ताई? ते आता काई कोर्टात येऊन नाई राहिले."

मी कागद पिशवीत घातले. बाहेर येताना फलकापाशी थांबले. काचेच्या आत यादी होती, कागद पिवळा पडलेला, नाव एकच. माझ्या हातातली पिशवी त्या काचेत दिसत होती. कोणत्या कामाची पिशवी, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.