गंगारामकाकांचं मुल्की खातं

गंगाराम वाघमारे माणसाचं तोंड बघण्याआधी त्याचा दंड बघत. समोरच्यानं नमस्काराला हात जोडावेत आणि यांनी त्याची बाही वर सरकवावी, हा नेम. एकदा हिमायतनगरच्या रस्त्यावरून वरात चालली होती. काकांनी ती थांबवली, घोड्यावरच्या नवरदेवाची बाही दंडापर्यंत गुंडाळली आणि बँडवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "चार वण, एका रेषेत. माझेच हायत! पोरगा पक्का हाय, बिनघोर पोरगी द्या!" पोरगी देऊन झाली होती आणि मागच्या मोटारीत बसली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

काका सरकारी आरोग्य खात्यात देवी टोचायच्या कामावर होते. आता तो रोगच जगातून गेला, म्हणून नव्या पोरांना सांगावं लागतं की देवी म्हणजे अंगभर फोड आणणारा आणि माणूस वाचलाच तर त्याच्या चेहऱ्याची चाळण करून सोडणारा आजार. चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत आम्ही त्याला देवी म्हणायचो, तेलुगू शेजारणी अम्मवारू म्हणायच्या आणि दखनी बोलणारे माता म्हणायचे. भीती मात्र सगळ्यांची एकच. काकांच्या पत्र्याच्या पेटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या काचेच्या नळ्या असत आणि एक दातेरी चकती असे. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती दाबायची आणि गरकन फिरवायची. ती पेटी गल्लीच्या तोंडाशी दिसली की पोरं पटापट पत्र्यावर चढत. काका खाली उभे राहून त्यांना शरीरशास्त्र शिकवत.

ते शरीरशास्त्र अस्सल हैदराबादी होतं. "चामडी म्हंजे गोवळकोंड्याचा कोट," ते सांगायचे. "नाकातले केस, डोळ्यातलं पाणी, थुंकी, हे समदे दरवान. त्यांना चुकवून कुणी आत शिरलं की पांढरे शिपाई धावून येतेत आन त्याला गिळून टाकतेत. फोडातला पू बघून नाक मुरडू नका रे, ते आपलेच कामी आलेले शिपाई हायत. आन ताप आला की बोंबलू नका. आत भट्टी पेटलीय, दुश्मनाला भाजून काढायला."

मी तेव्हा मॅट्रिकला होते, म्हणजे जगापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटण्याच्या वयात. मी विचारलं, "पण शिपायांना कसं कळतं, आपला कोण आणि परका कोण?"

"मुल्की खातं हाय की आत!"

आपल्या मुलखातला तो मुल्की, बाहेरचा तो गैरमुल्की, आणि सरकारी नोकरी हवी तर मुल्की असल्याचा दाखला हवा, हे त्या काळी हैदराबादेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काकांच्या मते तसलंच एक खातं प्रत्येकाच्या रक्तात दिवसरात्र उघडं असतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं दाखला मागतं. "आन त्याची याददाश्त लई जबर. एकदा बघितलेलं तोंड विसरत नाही. मी टोचतो ती काय खरी देवी नव्हं. ती देवीची गरीब चुलत बहीण, गाईला होणारी. पण दोघींचा तोंडवळा सारखा. हिला बघून खातं समदं ध्यानात ठेवतं. उद्या खरी देवी आली की दारातच म्हणतं, या बाई, तुमच्या बहिणीनं तुमची हकीकत सांगितलेली हाय!"

हे खातं कधी कधी चुकतं, हेही काकांना पक्कं माहीत होतं, कारण ती चूक त्यांच्या नाकातच मुक्कामाला होती. जरा धूळ उडाली की ते शिंकायला लागत, आणि एकदा लागले की सात शिंकांशिवाय थांबत नसत. मग डोळे पुसत म्हणायचे, "माझं खातं जरा जादाच इमानदार हाय. धूळ बिचारी काय करती कुणाचं? पण हे तिला दुश्मन समजून तोफा डागायलं."

आमच्या तुळसाआत्याचं मात्र काकांशी जमत नव्हतं. आई लवकर गेल्यामुळे घर या माझ्या विधवा आत्याच्या हातात होतं. ती नांदेडकडच्या शेतकऱ्याघरची, हैदराबादेत पंचवीस वर्षं राहूनही गावातलं सगळं सोवळंओवळं तिनं जसंच्या तसं जपलेलं. काका महार, म्हणून त्यांच्यासाठी एक कान तुटलेला कप खिडकीबाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. आत्या त्यात वरून चहा ओतायची. काका तो प्यायचे, कप स्वतः विसळायचे आणि पालथा घालून जायचे. मला त्याची लाज वाटायची, पण ती मी कधी बोलून दाखवली नाही, हेही इथं सांगून टाकते.

त्या वर्षी दसऱ्याला काका नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. आल्यावर पहिल्यांदा आमच्या दाराशी उभे राहिले तेव्हा आत्यानं सवयीनं कोनाड्यातला कप काढला. काका म्हणाले, "नक्को आत्याबाई. या कपातला चहा आता बंद."

"धर्म बदलला म्हणून कप बदलतो का रे?"

"कप तुमचा हाय. न पिणं माझं हाय."

आवाज चढला नाही की तोंड वाकडं झालं नाही. पेटी उचलून ते पुढच्या दारी गेले. आत्या तो चहा मोरीत ओतून बराच वेळ भांडी आपटत राहिली.

त्याच दिवसांत आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी मुलूख म्हैसुरात आणि आम्ही आंध्रात. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, इथंच राहायला मिळालं. काका जन्मानं नांदेडजवळच्या खेड्यातले, म्हणून त्यांना एक नोव्हेंबरला नांदेडला हजर व्हायचा हुकूम आला. "बावीस वर्षं हैदराबादचे दंड धरले," ते दादांना म्हणाले. "आता एक तारखेपास्नं मीच हितं गैरमुल्की. हौ की नाही? शहर मलाच शिंकायलं बगा." दादा हसले. काकांनाही हसायचं होतं, पण त्यांना ते नीट जमलं नाही.

आणि नेमकी तेव्हाच मागच्या गल्लीत एका बाईला देवी निघाली. काकांच्या हाती पाच दिवस होते. आमच्या गल्लीत त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पाळण्यातल्या पोरांपर्यंत सगळ्यांना टोचलं, पत्र्यावरची पोरं शिडी लावून उतरवली. राहिली एकटी आमची आत्या.

"मला लहानपणी येऊन गेलीय," आत्यानं दार अडवून सांगितलं.

"तोंडावर एक वण नाही, आत्याबाई."

"पोटातून येऊन गेली."

"पोटातून?"

"आमच्याकडं तशीच येती."

काका हसले नाहीत. पायरीवर पेटी ठेवून शांतपणे म्हणाले, "कोटाला एक भोक राहिलं तरी दुश्मनाला तेवढं बस होतं. तुम्ही नळावर जाता, देवळात जाता, या पोरीला जेवू घालता. टोचून घ्या."

"माझी देवी मला बघून घेईल. तू मला हात लावू नको."

खरं कारण असं एकदाचं उंबऱ्यावर आलं. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आत्या, काकांचं नाक धुळीला शिंकतं ना, तशी तू काकांना शिंकतेस."

आत्याच्या हातातलं लाटणं माझ्या कानाजवळून गेलं. पण त्याआधी काकाच माझ्यावर कडाडले, "पोरी! मोठ्या माणसाला असं बोलावं का? आन मला धूळ म्हणायलीस व्हय? एका वाक्यात दोघांचा अपमान केलास!" मग ते आत्याकडं वळले. "चुकलं पोरीचं. मी जातो, आत्याबाई. जबरदस्ती नाही करायची मला. पण मागच्या गल्लीतल्या त्या बाईला बी असंच वाटलं होतं, की तिची देवी तिला बघून घेईल. आत्ता तिच्याच घरून आलो. सकाळी गेली." एवढं बोलून ते पेटी उचलायला वाकले.

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. मग पदर बाजूला करून तिनं दंड पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "टोच. भात करपायलाय."

काकांनी साबणाच्या पाण्यानं तिचा दंड धुतला आणि डाव्या हातात धरला. आत्यानं डोळे गच्च मिटले. चकती चार वेळा फिरली आणि चारही वेळा आत्यानं "मेले गं बाई!" असा टाहो फोडला. अख्खी गल्ली दारात जमली.

"पण सांगून ठेवते," ती घाम पुसत म्हणाली, "मला येऊन गेलीय. काही उगवायचं नाही."

"मंजूर. खरंच येऊन गेली असंल तर खातं ओळखंल, आन दोन दिवस खाजून बसंल. नसंल आली तर आठव्या रोजी चार टपोरे फोड येतील. अंग खोटं बोलत नसतं, आत्याबाई." मग त्यांच्या ध्यानात आलं, की आठव्या रोजी ते नांदेडला असणार. त्यांनी नवा पत्ता माझ्या वहीत लिहून दिला. "आलं का नाही, एवढंच कार्ड टाक पोरी. ही गल्ली पुरी झाली असं समजून मग निवांत झोपंन म्हणतो."

काका गेले. आठव्या दिवशी आत्या तापानं फणफणली. काखेत लिंबाएवढी गाठ आली, दंड सुजला, आणि त्यावर चार फोड असे टरारले, की काकांनी बघितले असते तर पुन्हा एखादी वरात थांबवून दाखवले असते. आत्या उशाशी कडुलिंबाचा पाला घेऊन कण्हत होती.

"काय झालं गं आत्या?"

"मुंगी चावली."

"चार मुंग्या? एका रेषेत?"

"कार्ड आण," आत्या म्हणाली. "लिही. काही आलं नाही. मला आधीच येऊन गेली होती हे सिद्ध झालं." मी तोंड उघडलं तर तिनं उशाखालचं लाटणं दाखवलं. मी लिहिलं. कार्ड टपालपेटीत टाकून आले.

पुढं तीनेक आठवड्यांनी, सकाळी सकाळी दार वाजलं. दारात काका होते. हातात तीच पेटी, कपड्यांना इंजिनाचा कोळसा, डोळे जागरणानं लाल. काचीगुडा स्टेशनवरून तडक चालत आले होते. सरळ आत्यालाच म्हणाले, "आत्याबाई, लस फुकट गेली. नळी उन्हात तापली असंल. चूक माझी हाय. कार्ड आल्यापास्नं रजा मागायलो होतो, काल मिळाली. तुमच्या कोटाला इतके दिवस भोक तसंच हाय आन मी तिथं परक्याचे दंड धरायलो. पुन्हा टोचतो, मग जातो."

पोटातून येऊन गेलेल्या देवीवर त्यांनी क्षणभरही विश्वास ठेवला नव्हता. फोड आले नाहीत म्हणजे आपलीच लस बिघडली, असं धरून हा माणूस रात्रभर रेल्वेत बसून आला होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काकांनी पेटी उघडली, चकती पुसली. आत्यानं चकतीकडं पाहिलं, मग काकांच्या लाल डोळ्यांकडं पाहिलं. आणि तिनं पदर सारून दंड दाखवला. चार गुलाबी, कोवळे वण, एका रेषेत.

काका वाकून बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "लई झ्याक आल्यात!" मग भुवया चढल्या. "आन ते कार्ड?"

"या पोरीनं लिहिलं," आत्या बेधडक म्हणाली. मी काही बोलायच्या आत ती दारातून बाजूला झाली. "बाहेर काय उभे? आत या, भाऊ. चहा टाकते."

काका उंबरा ओलांडून आत आले, आणि आत्या नुकतीच घर झाडत होती म्हणून लागोपाठ सात वेळा शिंकले. घरात धड कप तीनच होते. एक दादांना मिळाला, एक मला. तिसरा, आत्याचा स्वतःचा निळ्या फुलांचा कप, तिनं काकांच्या हातात दिला. मग खिडकीतून हात घालून कोनाड्यातला कान तुटलेला कप काढला, फुंकून पुसला आणि त्यात आपला चहा ओतून घेतला. काका बघत होते. आत्या गुरकावली, "माझ्याकडं काय बघता? निवायलाय, प्या." काकांनी चहा प्यायला, थेंबन् थेंब.

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. पुष्कळ वर्षांनी नांदेडहून त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, की वडील गेले. मी ते वाचून दाखवलं तेव्हा आत्या बाजेवर बसली होती, पार थकलेली. बराच वेळ ती पदराखालून आपला दंड चोळत राहिली. मग म्हणाली, "त्या पोराला उत्तर लिही. म्हणावं, तुझ्या वडलांचा हात लई हलका होता. मला जरासुद्धा दुखलं नव्हतं."

तिचा त्या दिवशीचा टाहो अख्ख्या चिक्कडपल्लीनं ऐकला होता. याही वेळी मी कार्डावर तिनं सांगितलं तसंच लिहिलं.