बरणीतल्या मिरच्या

"हा दमा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मी त्यांच्याशी भांडायलाच उठलो.

माझी मुलगी स्वरा तेव्हा आठ वर्षांची होती. दमा म्हाताऱ्यांना होतो, बिडी ओढणाऱ्यांना होतो, एवढीच माझी अक्कल. वर्षभर आम्ही तिच्या खोकल्याला कफ म्हणत होतो. पळाली की धाप, हसली की खोकला, झोपली की छातीत शिट्टी. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. छातीतून हवा किती आणि किती वेगानं बाहेर पडते ते तिच्यात कळतं. आमच्या पोरीची हवा आतच अडत होती.

दोन इन्हेलर मिळाले. एक रोजचा, त्रास नसला तरी घ्यायचा. श्वासनळ्यांची सूज तो कमी ठेवतो. दुसरा अटॅक आल्यावर. दोन्ही स्पेसर लावून, म्हणजे एका पोकळ प्लास्टिकच्या नळकांड्यातून, औषध तोंडात न राहता छातीत उतरावं म्हणून.

मग मॅडमनी वही करायला सांगितली. "दम्याचे ट्रिगर असतात. ज्यानं श्वासनळ्या चिडतात, ते. धूळ, धूर, जनावरांचा कोंडा, बुरशी, सर्दी. प्रत्येकाचे वेगळे. अटॅकच्या आधी घरात काय काय झालं ते लिहा. सगळं लिहा."

आम्ही कोडोलीचे. मी गावातल्या दूध संस्थेत कामाला, बायको सुरेखा अंगणवाडीत. वही मी माझ्याकडं घेतली, कारण दुसऱ्यानं केलेलं काम मला कधी पटत नाही. कापसाच्या गाद्या-उशा घराबाहेर काढल्या. देवापुढची अगरबत्ती बंद केली. फोडणीच्या वेळी पोरगी घरात का, म्हणून सुरेखावर रोज खेकसलो. शेजारच्या तात्यांनी उसाचा पाला पेटवला तर बांधावर जाऊन तोंड वाजवलं. तात्या शांतपणे म्हणाले, "मग पाला काय डोक्यावर घिऊन हिंडू व्हय?"

शेवटी दारातल्या दोन्ही म्हशी विकल्या. धाकटीचं नाव स्वरानं ठेवलं होतं, चांदणी. टेम्पो गेल्यावर ती रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली. तिथली धूळ तिला बाधेल म्हणून मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

इतकं करूनही अटॅक येतच होते. वहीत माझ्या अक्षरात दर वेळी तेच: सकाळी थोडा खोकला. दुपारी अटॅक. कारण समजत नाही.

एका मंगळवारी दुपारी आईचा, म्हणजे माझ्या आईचा, संस्थेत फोन आला. "लेका, पोरगी निळी पडाय लागलीया." मित्राच्या गाडीतून कोल्हापूर गाठेपर्यंत मी सुरेखाच्या मांडीवरच्या त्या ओठांकडं बघत होतो. दवाखान्यात बोटाला चिमटा लावला. त्यावर ऑक्सिजन सॅच्युरेशन दिसतं, रक्तात प्राणवायू किती आहे तो आकडा. नर्सनं तो बघितला आणि कुणाशी न बोलता पळाली. मग नेब्युलायझर लागला. औषधाची वाफ करून मास्कमधून देणारं यंत्र. मग आयसीयू. बाहेरच्या बाकड्यावर मी वही उघडून बसलो. काय लिहावं सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी स्वराला वॉर्डात आणलं आणि आई भेटायला आली. तिनं पोरीवरून हात फिरवला, मूठ तीनदा ओवाळली आणि नर्सला विचारलं, "बाई, हितं शेगडी कुठं हाय?"

मुठीत सात लाल मिरच्या, मीठ आणि मोहरी होती.

नर्स हसली. राउंडला आलेल्या मॅडम हसल्या नाहीत. "आजी, घरी या मिरच्या कुठं जाळता?"

"चुलीत की. तिला म्होरं बसवून. जरा खोकाय लागली की लगेच दृष्ट काढतो मी. मंगळवारी बी काढली."

"धुरानं ठसका लागत नाही तिला?"

"ती खोकतच असती की वो. ठसका मिरचीचा का कशाचा, कसं कळायचं?"

आई हे लपून करत नव्हती. मला माहीत होतं. आमच्याकडं घराघरात दृष्ट काढतात; मिरच्या फुकट जळल्या, ठसका लागला नाही, की दृष्ट जबर होती म्हणतात. सुट्टीच्या दिवशी एकदोनदा चुलीतले निखारे मीच पुढं ओढून दिले होते. म्हशी विकणाऱ्या मला तो धूर, धूर वाटलाच नाही. वहीत कसा येणार?

हे सगळं कळत असताना मी जिन्यात आईला म्हणालो, "तूच जीव घेत होतीस तिचा." निखाऱ्यांचं काही बोललो नाही.

आईनं पदराच्या टोकाला मिरच्या बांधल्या आणि ती जिना उतरून गेली.

मॅडमनी नंतर समजावलं. एकट्या मिरचीनं दमा होत नाही. पोरीला सर्दी होती, शिवारात पाला जळत होता, त्यात या धुरानं भर घातली. "आजींना दोष देऊ नका." तोवर माझं देऊन झालं होतं.

घरी आल्यावर आई स्वराला जवळ घेईना. तिची वेणी घालायची थांबली. चूल बंद झाली, मिरच्या बंद झाल्या, आणि उसाच्या हंगामात स्वराला पुन्हा अटॅक आला. इन्हेलरनं आवरला, पण आला. वहीत मी लिहिलं: शिवारात धूर. आता काय बंद करू? गाव? वारा? त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडलो.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर एवढंच सांगतो. रोजचा इन्हेलर बरं वाटतंय म्हणून मनानं सोडू नका. आणि वहीत मायेनं केलेलंही लिहा. धुरी, धूप, दृष्ट, सगळं. आम्ही फक्त शत्रू लिहीत बसलो.

डॉक्टरांमुळं पोरगी आहे, हे उपकार फिटायचे नाहीत. बरी होईल का, हे मी आता विचारत नाही. उसाच्या हंगामातल्या त्या अटॅकनंतर स्वराच आजीजवळ जाऊन बसली. "आज्जी, दृष्ट काढ की. जाळू नको नुसती."

तेव्हापासून आई मिरच्या ओवाळते आणि न जाळता बरणीत टाकते. फळीवरची काचेची बरणी आता अर्धी भरलीय. त्या मिरच्या आम्ही खात नाही, टाकत नाही. पोरगी खोकली की तिच्यात सात पडतात; माझ्या वहीपेक्षा ती बरणी खरी आहे.

कालही सात मिरच्या वाढल्या. सगळं घर जिच्या शब्दावर चालायचं, ती माझी आई मूठ मिटून माझ्यापुढं उभी राहिली आणि दर वेळेसारखं तिनं विचारलं, "ह्या टाकू का रं बरणीत?"

निखारे मीच ओढून दिले होते, हे मला तिला सांगायचं होतं. मी फक्त झाकण उघडून धरलं.