बारा एकतीसचा मुहूर्त, तिन्ही पडद्यांवर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हा प्रकार सांगायला लागले की मला मध्ये थांबता येत नाही, आणि शेवटी हसं माझंच व्हायचं आहे!

परदेशात तीन वर्षं नेटवर्कचं शिकून सोलापूरला परतले, तेव्हा मला वाटलं होतं, इथे सगळी सुरुवात आपल्यापासून होणार. डिजिटल पडदा म्हणजे काय, तेही लोकांना समजावून सांगावं लागणार. मनात भाषणसुद्धा तयार होतं! प्रत्यक्षात काय? माझ्या सुधाकरकाकांची तीन मंगल कार्यालयं. एक शुक्रवार पेठेत, एक मंद्रूपला, एक थेट वेळापूरला. तिन्हीकडे गेटवर, स्टेजमागे आणि जेवणाच्या हॉलमध्ये एवढाले पडदे. माझ्या विद्यापीठातही तेवढे मोठे नव्हते. भाषण जागच्या जागी वाया!

पण हे पडदे चालायचे कशावर? पेन ड्राइव्हवर. वेळापूरच्या लग्नाची नावं बदलायची, तर पेन ड्राइव्ह एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. एकदा तो पोचलाच नाही, आणि गेटवर दिवसभर आदल्या दिवशीचेच नवरा-नवरी झळकत राहिले. नव्या नवरीचे वडील गेटवरूनच परत निघाले होते म्हणे.

"काका, तिन्हीकडचे पडदे एका कॉम्प्युटरवरून चालवता येतात."

"येतात?"

"येतात म्हणजे? मी शिकून कशाला आले?"

काका सावध माणूस. म्हणाले, "लग्नाची एक तारीख देतो. नीट पार पडलं तर राहू दे. नाही तर पेन ड्राइव्ह आहेत, आणि तुझी पुण्याची नोकरीही आहेच."

पुण्याची नोकरी! तिचं पत्र आईने देवघरात ठेवलेलं. आणि मी तर सगळ्या मैत्रिणींना छातीठोकपणे सांगून आलेले, 'मी माझ्या गावात काम करणार.' आता माघार कशी घ्यायची?

पंधरा दिवस राबले. वायरी ओढल्या, शिडीवरून एकदा पडले, पण शुक्रवार पेठेच्या ऑफिसातून वेळापूरचा पडदा हलायला लागला. कुणी मध्येच लुडबुड करू नये म्हणून कार्यालयांमधली बटणं बंद केली. जे काही होईल ते ऑफिसातूनच!

वर माझी खास भर म्हणजे शून्याकडे मोजत येणारं उलटं घड्याळ. मंद्रूपचे मॅनेजर मल्लूअण्णा, वीस वर्षं तिथला माइक त्यांच्याच हातात. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"ताई, हे कशाला?"

"मुहूर्तासाठी, अण्णा. शून्य झालं की मंगलाष्टकांची शेवटची ओळ वाजणार, पडद्यावर 'अक्षता टाका' येणार आणि फुलं उधळणार. एका सेकंदाचा उशीर नाही!"

"येळ कशावरनं घातली?"

"पत्रिकेवरून. अजून कशावरून घालणार?"

"नवरी खोलीतनं निघाली का न्हाई, त्यावरनं की!"

मी हसले. हो, हसले! मनात म्हटलं, बदलायचं ते हेच. काकांनी दिलेल्या तारखेला पंचांगात मुहूर्त एकच, बारा एकतीस. मग मीही तिन्ही कार्यालयांना एकच वेळ घातली. एका वेळी तीन कामं! ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि काकांबरोबर मंद्रूपला गेले, माझा विजय बघायला.

आईने बळेच नवी साडी नेसवली होती. पिवळी. लक्षात ठेवा, पिवळी!

बारा वाजून पंचवीस मिनिटं. नवरदेव स्टेजवर एकटाच उभा. नवरी खोलीत, कारण तिचा मामा अजून रस्त्यात. माइकवर सत्कार चाललेले. फेटा, शाल, नारळ. आणखी अकरा जण बाकी! पडद्यावर मात्र घड्याळ चाललंय, सहा मिनिटं, पाच मिनिटं...

"ताई, थांबवा की ते," अण्णा कुजबुजले.

"थांबवता येत नाही. ते ऑफिसातून."

"मग हापिसात फोन लावा."

"ऑफिसला कुलूप आहे."

"किल्ली?"

मी कमरेकडे बोट दाखवलं. अण्णांनी कपाळाला हात लावला.

एकच उपाय उरला, पडद्याची वायर उपटायची. धावले स्टेजवर. पडद्यामागे शिरले, वायरींच्या गुंत्यात हात घातला, नको ती उपटली, स्टेजवरचे दिवे गेले. घाबरून ती परत खुपसली आणि बाहेर आले, ती नेमकी नवरदेवाच्या शेजारी. दिवे लागले. तीन, दोन, एक...

"शुभमंगल सावधान!"

बँडवाल्यांनी दणका दिला. पाचशे माणसांनी अक्षता फेकल्या. कुणावर? नवरदेवावर, आणि शेजारच्या पिवळ्या साडीवर! पुढच्या रांगेतली एक आजी तर डोळे पुसत होती.

नवरदेव बिचारा दोन्ही हात वर करून ओरडला, "ताई हाय! ओ, ही ताई हाय माजी!"

ऐकतंय कोण? अक्षता पडल्या की आपल्याकडे माणूस मागे वळून बघतो का? सगळी मंडळी उठली ती थेट पंगतीत.

तेवढ्यात फोन. वेळापूरचे मॅनेजर. "ताई, हितं आज डोहाळजेवण हाय. लोकांनी पोटुशीवर अक्षता टाकल्या. तिचा नवरा इचारतोय, दुसऱ्यांदा लगीन लागलं का काय?"

ठेवते न ठेवते तोच शुक्रवार पेठेतून. "मॅडम, नवरदेव अजून चौकात नाचतोय. इथे लोकांनी अक्षता स्टेजवरच्या रिकाम्या खुर्च्यांवर टाकल्या. मंडळी जेवायलाही बसली!"

आणि मग मंद्रूपची नवरी आली. मामाचा हात धरून, मान खाली घालून, हळूहळू. मान वर केली तर समोर नुसत्या खुर्च्या.

"मामा," ती म्हणाली, "माझ्या लग्नाला कुणीच थांबलं न्हाई?"

तोवर मला आपली नोकरी, आपली प्रणाली, हेच दिसत होतं. त्या एका वाक्याने पहिल्यांदा ती दिसली.

अण्णांनी माइक उचलला. "मंडळी! मघाशी झाली ती तालीम. नवरी आत्ता आलीय. हातातला घास खावा आणि हितं या. आमची पोरगी वाट बघतीया!"

आणि लोक आले हो! कुणाच्या हातात पुरी, कुणाच्या मिशीला मठ्ठा. दीड वाजता लग्न लागलं. अण्णांनी आधी नवरीकडे बघितलं, मग भटजींकडे, मग बँडवाल्यांकडे एक बोट वर केलं. बस, एवढंच.

परतताना घराशी आल्यावर काका म्हणाले, "उद्या सकाळी सांग. पेन ड्राइव्ह बाहेर काढायचे का?"

रात्रभर त्या नवरीचं वाक्य कानात. सकाळी आठलाच ऑफिस उघडलं. पेन ड्राइव्ह? मुळीच नाही! पुण्याला नकार कळवला. उलटं घड्याळ पुसून टाकलं, आणि अक्षतांचं बटण ज्या त्या कार्यालयाच्या मॅनेजरला दिलं. मग प्रणालीतली नावांची यादी उघडली. 'मुख्य नियंत्रक' म्हणून माझं नाव होतं, ते खोडून तिथे मल्लूअण्णांचं घातलं. माझ्या नावापुढे तीन पर्याय आले. मी विचार करून तिसरा निवडला: 'फक्त पाहू शकते.'