बसायच्या आधी

पंचफुला वीस वर्षांपासून नंदनवनच्या बाजारात भाजी विकते. तिच्या जागेवर हक्क सांगायला आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

काल तिची मुलगी श्वेता लॅपटॉपसमोर तोंड पाडून बसली होती.

“काहून वं, काय झालं?”

“सी भाषेत सर्व्हरचा प्रोग्राम लिहिला, माय. बंद करून परत लावला, तं कम्प्युटर म्हणते, सर्व्हरचा पत्ता अजून वापरात आहे. जुनाच पत्ता परत घेऊ दे, असा ऑप्शनबी टाकला.”

“कुठं टाकला?”

“सर्व्हरले पत्त्यावर बसवायच्या ओळीखाली.”

“बसल्यावर कोणी विचारते का? मी गोणपाट अंथरायच्या आधीच सांगते, जागा माझी हाय म्हणून.”

श्वेताने ऑप्शनची ओळ पत्त्याच्या ओळीच्या वर नेली. सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला.

आज पंचफुला शेजारणीला सांगत होती, “पोरीच्या कम्प्युटरले बाजारात बसणं शिकवून आली मी.”