लागला तर सोडायचा

माझ्या मामाचं नाव दगडू. मी आज जो काही आहे तो त्याच्यामुळे आहे, आणि हे मी त्याला कधी तोंडावर सांगितलेलं नाही. आमच्याकडे असं कोणी सांगत नाही.

मी नेदरलँड्सला निघालो त्या दिवशी पुण्याची एसटी सकाळी सव्वासातला होती. आई, मामी, गल्लीतले चार-पाच जण स्टँडवर आले होते. मामा सगळ्यांत शेवटी आला, नदीवरून थेट, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्याने बॅगा चढवल्या आणि कंडक्टरला सांगितलं, पोरगं परदेशात चाललंय, नीट ने. कंडक्टर म्हणाला, "मी स्वारगेटपर्यंतच नेतो, पुढचं त्याचं तो बघंल." सगळे हसले. मामा हसला नाही. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, "तिकडं पाणी लई हाय म्हणत्यात. जपून." गाडी हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर बाकीचे हात हलवत होते आणि तो घराच्या दिशेने चालायलाही लागला होता.

आम्ही भोई. वडील गेले तेव्हा मी दुसरीत होतो. आई मला घेऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. नदीला नाव आहे, पण आम्ही नुसतं नदी म्हणायचो. शाळेआधी मामा मला सोबत न्यायचा. फेकजाळं कसं खांद्यावर घ्यायचं, गळाला गांडूळ कसं लावायचं, मरळ कुठल्या लव्हाळ्यात बसते, वाम हाताला कसा विळखा घालते, हे सगळं त्याने मला दाखवलं, सांगितलं फारसं नाही. एकच गोष्ट तो तोंडाने सांगायचा. मासा काठावर आला की तडफडत ठेवायचा नाही, लगेच दगडावर डोकं आपटायचं. "जीव घ्यायचा तर पटकन घ्यावा. लटकवून ठेवू नये."

मी नववीतून दहावीत गेलो त्या उन्हाळ्यात त्याने माझा गळ काढून घेतला. म्हणाला, आता नदीवर यायचं नाही, तुझ्या हाताला माशाचा वास यायला नको. मला राग आला होता. मी दोन-तीनदा चोरून गेलो, तेव्हा त्याने मला काठावरून कानाला धरून परत आणलं आणि पुस्तकासमोर बसवलं. आमच्या घरात दहावी झालेला मी पहिला, बारावी झालेला पहिला, इंजिनिअर झालेला पहिला. तो प्रत्येक वेळी पेढे आणायचा, आणि निकालाचा कागद हातात घेऊन बोट ठेवत, हळूहळू, पूर्ण वाचायचा. तो स्वतः चौथी शिकलेला.

पहिली सहा वर्षं आम्ही, म्हणजे मी आणि बायको, कापेल आन डेन आयसेल या गावात राहिलो आणि मी लांबच्या स्लोटरडाइकच्या ऑफिसला जायचो. ट्रेनमध्ये लॅपटॉप, ऑफिसात स्टँडअप मीटिंग, दुपारी ब्रेड आणि चीज, संध्याकाळी सायकलवरून मुलीला घ्यायला. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हे सांगायला नको. मराठी मंडळींचे गणपती, दिवाळी व्हायची. तिथे कोणी विचारलं, गावाकडे काय असतं, तर मी म्हणायचो, थोडीफार शेती. आम्हाला शेती कधीच नव्हती. का खोटं बोलायचो ते मला माहीत आहे, आणि ते इथे लिहून टाकलं म्हणजे निदान यापुढे बोलता येणार नाही.

मग नोकरी बदलली आणि आम्ही देशाच्या दक्षिण टोकाला, लिम्बुर्खमध्ये आलो. बाकी देश सपाट, इथे चक्क टेकड्या आहेत. गावाबाहेरून एक नदी जाते, तिचं नाव ख्योल. त्यातला ख घसा खाकरल्यासारखा म्हणावा लागतो. आपल्याकडे तिला कोणी ओढाच म्हटलं असतं. पण पाणी स्वच्छ, तळाचा गोटा न् गोटा दिसावा असं. पहिल्याच रविवारी मी पुलावर उभा राहिलो आणि पाण्यात मासा शोधू लागलो. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, शेपूट तेवढी हलते. ते दिसायला डोळा लागतो, आणि माझा डोळा शाबूत होता.

शेजारी एक म्हातारा येऊन थांबला. मी बोट दाखवलं. त्याने पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, इथे राहणाऱ्यांनाही तो दिसत नाही. हा हेन्क, आमच्याच रस्त्यावर राहणारा निवृत्त सुतार. मासेमारीचा परवाना कुठे मिळतो असं मी त्याला विचारलं आणि म्हणालो, मी उद्या खेमेन्तेत जातो. खेमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका. आम्हा परदेशी लोकांना प्रत्येक कागद तिथेच मिळतो असं वाटतं. तो हसून म्हणाला, तिथे तुला कुत्र्याची नोंदणी करून देतील, माशाची नाही. परवाना शेवटी इथल्या मासेमारी क्लबकडून मिळाला.

ख्योलमध्ये ट्राउट जातीचे मासे असतात, आणि ते धरायची रीत वेगळी. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर अशी उतरवायची की खरीच येऊन बसली असं माशाला वाटावं. आपल्याकडे गळाला शिसं लावतात, म्हणून तो लांब जातो. इथे माशीला वजनच नसतं, वजन दोरीला असतं, आणि दोरी मागे-पुढे झुलवत हवेत ठेवावी लागते. हे मी फोनवर मामाला समजावत होतो तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे आम्ही इथं माश्या मारत बसतो, आन् तू तिथं माश्या बांधत बसतूस." पुढे किती तरी दिवस मामी फोन उचलला की आधी विचारायची, आज किती माश्या बांधल्या?

गेल्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, मला पहिला ट्राउट लागला. हेन्कने त्याची काठी मला दिली होती आणि तो वीस पावलं मागे गवतात बसला होता. वळणावर झाडाखाली पाणी थोडं फुगलं, माशी गेली, दोरी ताणली. मी बुटांसकट पाण्यात उतरलो. मासा वीतभराहून थोडा मोठा, पिवळसर तपकिरी, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं.  आणि मग माझ्या हातांनी जे येत होतं तेच केलं. मी मासा काठावर आणला, शेपटाकडून धरला आणि दगडावर एकदा आपटला. ओल्या गवतात गुंडाळून पिशवीत ठेवला. मग हसत हेन्ककडे वळलो.

तो उभा राहिला होता. चेहरा पडला होता.  मग म्हणाला, "इथला प्रत्येक मासा परत पाण्यात जातो. हे मी तुला सांगितलं नव्हतं?" मी नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "मग चूक माझी. हे सांगावं लागतं, असं मला वाटलंच नाही."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी मासा पाण्यात टाकायला निघालो, तर त्याने मला अडवलं. म्हणाला, मेलेला मासा टाकून देणं त्याहून वाईट, घरी ने आणि खा, आणि क्लबला स्वतः कळव. तसं मी केलं. रात्रीच्या जेवणाला तो मासा हळद, मीठ आणि आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला लावून तळला. माझ्या मुलीने, ईराने, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "झीलिख." हा डच शब्द इथली सगळी मुलं म्हणतात, म्हणजे बिचारा. तिने खाल्ला नाही. मी खाल्ला, पण चव लागली नाही. क्लबला मी डचमध्ये पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: उरलेला हंगाम या भागात मासे धरू नका, एप्रिलमध्ये या. त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती.

नंतर हेन्कने मला कारण सांगितलं. तो लहान असताना वरच्या अंगाला खाणी होत्या. नदीत हात घातला तर त्याची आई साबणाने धुवायला लावायची. ट्राउट नव्हतेच. खाणी बंद झाल्या, पाणी हळूहळू निवळलं, लोकांनी पिल्लं आणून सोडली, आणि एका माणसाचं सगळं आयुष्य जावं इतक्या वर्षांनी नदीत पुन्हा मासा उभा राहिला. म्हणून ते सोडतात. हात आधी ओला करायचा, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकायचा. मासा पाण्यातच धरायचा, तोंड प्रवाहाकडे, आणि तो स्वतःहून जाईपर्यंत थांबायचं.

एप्रिलमध्ये मी परत गेलो. आणि या जुलैत, मासा सोडताना हेन्कने माझा व्हिडिओ काढला. मी फार खूश होतो. घरी येऊन मी मामाला व्हिडिओ कॉल केला आणि तो त्याला दाखवला. स्वच्छ पाणी, माझे हात, मासा, आणि मग मोकळे हात.

मामाने दोनदा बघितला. मग म्हणाला, "एवढं शिकवलं, आन् शेवटी मासंच धरायला गेलास. ते बी सोडून द्यायला." मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "पोट भरल्यालं हाय तर माशाला कशापायी तरास द्यायचा?" आणि त्याने फोन मामीकडे दिला.

त्यानंतर सात आठवडे तो फोनवर आला नाही. मी दर रविवारी लावायचो आणि मामी दर रविवारी सांगायची, नदीवर गेलाय. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी मासे धरायला जाणं बंद केलं. हेन्कने विचारलं तर म्हणालो, ऑफिसचं काम आहे. मी स्वतःशी भांडत होतो. मामाचं चुकत नव्हतं. त्याने मला नदीपासून तोडलं ते मी वर जावं म्हणून, आणि वर जाऊन मी त्याच्या पोटापाण्याचा खेळ केला होता. आणि हेन्कचंही चुकत नव्हतं. दोघांच्या मध्ये मी उभा होतो, आणि दोघांनाही माझ्याबद्दल अर्धंच माहीत होतं. पहिला मासा मी कसा मारला ते मामाला मी सांगितलंच नव्हतं. लाज वाटली होती. कशाची ते मात्र ठरवता येत नव्हतं, मासा मारल्याची की त्याबद्दल माफी मागितल्याची.

आठव्या रविवारी मी मामीला म्हणालो, मामा माझ्यावर एवढा रागावलाय का?  ती म्हणाली, "राग कसला रं. त्येनं तो मासा बघितलाच न्हाय, पाणी बघितलं. रोज नदीवर जातो म्हंजे काय करतो? बसतो. जाळं घरीच असतंय. घाण वास येतोय त्या पाण्याला, लागली तर एखादी चिलापी, घाणीत जगणारी. परवा म्हणत हुता, पोराकडं सोडायला मासा हाय. आपल्या नदीत सोडायला बी न्हाय."

आम्ही फोन ठेवला. बायको आणि ईरा बाहेर बागेत होत्या, उजेड अजून खूप होता. मला इतकी वर्षं वाटायचं, घर म्हणजे जिथून आपण निघालो ते. आता वाटतं, ज्याच्यासमोर आपलं वागणं समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, तो माणूस जिथे आहे ते घर. मी कागद घेतला. फोनवर तो येणार नव्हता, आणि हे मला मामीच्या तोंडून पोचवायचं नव्हतं. पत्र तो स्वतः वाचेल, बोट ठेवून. ते असं होतं:

ती. मामास साष्टांग नमस्कार.

पत्रात वडीलधाऱ्यांना तुम्ही म्हणावं असं शाळेत शिकवलं होतं. पण तुला तुम्ही म्हटलं तर पोस्टमन चुकला असं समजून तू पत्र परत देशील, म्हणून तू म्हणतो.

तुला एक सांगायचं राहिलं. इथला पहिला मासा मी सोडला नाही. तो हातात आला आणि मी दगडावर आपटला, एकदाच, पटकन. इथे ते चालत नाही. मी त्यांची लेखी माफी मागितली. तुला कमीपणा आला असेल तर रागाव, पण हात तुझेच शिकवलेले आहेत, विचारायला थांबले नाहीत.

तू म्हणालास ते खरं आहे. माझं पोट भरलेलं आहे. ते तू भरलंस. त्यामुळे मी मासा धरतो तो पोटासाठी नाही, आणि तसं खोटं सांगणार नाही. पाण्यात उभा राहिलो की मला काय करायचं ते कळतं, एवढंच. ऑफिसात अजून दर वेळी कळत नाही.

इथली नदीही मेलेली होती. हेन्क म्हणून माझा एक मित्र आहे, तुझ्याच वयाचा. त्याने लहानपणी या नदीत एकही ट्राउट पाहिला नाही. आता पुलावरून दिसतात. आपली नदी अशी होईल असं मी म्हणत नाही, मला त्यातलं काही कळत नाही. पण तू हे पाणी डोळ्यांनी बघावंस असं वाटतं.

आईला मी बोलावलं, सासू-सासऱ्यांना बोलावलं. तुला कधी म्हटलं नाही. मामा काय करतात असं इथल्या लोकांनी विचारलं तर काय सांगू, अशी मला भीती होती. आता नाही. मासे धरतात, असं सांगेन.

पासपोर्टसाठी दोन फोटो काढ, बाकीचं मी बघतो. जूनमध्ये ये. हेन्क आपल्याबरोबर येईल, त्याला मराठी येत नाही आणि तुला डच, त्यामुळे तुमचं चांगलं जमेल. आणि एक आधीच सांगून ठेवतो, इथे मासा लागला तर सोडावा लागेल. तुला ते पटणार नाही. मग गळ टाकू नकोस, नुसता काठावर बस. पण ये.

तुझा,
संतोष