टाइस्तोची एक ओळ

माउस धरणारा माणूस कॉम्प्युटरकडे भीक मागतो, असं टाइस्तो केरानेनचं ठाम मत. आपण काळ्या खिडकीत टाइप करून हुकूम सोडावा! गावचा कागद कारखाना बंद पडेपर्यंत तो तीन नंबरच्या मशीनवर होता. नंतर कुणाचा कॉम्प्युटर अडला की टाइस्तोला बोलवायचं, ही रीतच पडली. तो काम करायचा आणि वर चार शब्द सुनावायचा. लोक ऐकून घेत आणि कॉफी पाजत.

आउने मोइलानेनपुढे मात्र त्याची जीभ चालत नसे. ती कारखान्याच्या कँटीनची आचारीण, आता एक्याऐंशीची. कारखाना बंद झाल्यावर तिने एक रेकॉर्डर घेतला आणि म्हाताऱ्या कामगारांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं केलं. त्या मुखदुर्बळ गावात हे सोपं नव्हतं. बारा वर्षांत एकेचाळीस माणसं झाली. त्यातली अडतीस आज चर्चमागच्या मातीत आहेत, तिचा धाकटा भाऊ इल्मोही त्यांतच. त्या आवाजांनी तिचा लॅपटॉप भरला तेव्हा टाइस्तोच म्हणाला होता, "पुसून टाक तिथलं. माझ्या डिस्कवर आहे ना सगळं! का माझ्यावर भरवसा नाही?"

भरवसा होता. तिने पुसून टाकलं.

सगळं एकाच डिस्कवर ठेवणं बरं नव्हे, हे त्यालाही कळत होतं. मार्चमध्ये त्याने दुसरी, कोरी डिस्क आणली. आदल्या दिवशी रंगीत तालीमही केली. कमांडमध्ये एक अक्षर वाढवलं की ती काय करणार ते नुसतं दाखवते, करत काही नाही. सगळं बिनचूक होतं. मग त्याने दोन्ही डिस्क काढून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम आउनेला बोलावलं. ती वेलचीचा पाव घेऊन आली.

"किती वेळ लागेल रे?"

"माउसवाल्यांना संध्याकाळ होईल. मला एक ओळ."

ती ओळही त्याने टाइप केली नाही. वरच्या बाणाची कळ दाबून कालचीच परत आणली, तालमीचं अक्षर खोडलं आणि एंटर मारलं. बी डिस्कवरचं सी डिस्कवर, अगदी आरशासारखं. बीवर जे नाही ते सीवरही उरायला नको.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. "बघ कशी पळतेय," म्हणत तो कॉफी ओतायला वळला. कप भरण्याआधीच ओळी थांबल्या.

इतक्यात? टाइस्तोने कॉफी तशीच ठेवली. कॉम्प्युटर डिस्कना बी, सी ही अक्षरं देतो ती जोडल्या क्रमाने. काल जुनी आधी जोडली होती, म्हणून ती बी होती; आज कोरी आधी. त्याने ओळी वाचल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला एकच शब्द होता: पुसलं. जुनी डिस्क कोऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल झाली होती.

"झालं?" आउनेने विचारलं.

"जरा अडलंय," तो म्हणाला आणि तिला घरी धाडलं. टाइस्तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलला.

जुनी डिस्क त्याने औलू शहरातल्या जाणकारांकडे पाठवली. पण ती नव्या जातीची होती. पुसलेली जागा स्वतःच धुऊन काढणारी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एकेचाळीस नावांच्या फायली सापडल्या होत्या. वाजवून पाहिल्या तर नुसती खरखर.

तो आउनेकडे गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"इल्मोचंही?"

"हो."

ती ओरडली असती तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. तिने फक्त खुर्ची पुढे सरकवली.

"तू एकोणीस वर्षं त्याच्या पाळीत होतास. माझ्या कानातून चाललाय रे तो. कसा होता त्याचा आवाज?"

टाइस्तोने आठवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तीन नंबरच्या मशीनपाशी इतका गडगडाट असायचा की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नसे. सगळी पाळी हातवाऱ्यांवर चालायची. त्याने उजवा हात उचलला, दोन बोटं कानशिलाला लावली आणि तळवा खाली फिरवला.

"हे काय?"

"'कागद तुटला, ये लवकर.' इल्मो असं म्हणायचा."

आउने त्या हाताकडे बघत राहिली.

"यात काहीच ऐकू येत नाही रे," ती म्हणाली आणि रडू लागली.