सीमेपलीकडची मेस

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंतच शिकले. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. चुकून कुणाच्या हाती लागलं तर चुका पोटात घालाव्या.

वर्ध्याच्या हॉलमध्ये मी पालकांना गोळाभात वाढत होते आणि सर माइकवर बोलत होते. सरांची कन्सल्टन्सी होती. म्हणजे इथं मेडिकलला नंबर लागला नाही की बांगलादेशातल्या कॉलेजात अ‍ॅडमिशन करून देणारं ऑफिस. बाप लोक फी ऐकून तयार व्हायचे. आया अडून बसायच्या. म्हणून सरांनी मला ठेवलं होतं.

"मासे-भाताची भीती सोडा," सर म्हणाले. "तिकडच्या होस्टेलची मेस हीच बाई सांभाळणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घालून कढी वाढत राहिले. देवळीच्या सुनंदाताईंनी माझा हात धरला. "पोरगी तुमच्या भरोशावर पाठवून राह्यलो, बाई."

त्यांची प्रणाली तिकडे पोटभर जेवायची. वरून म्हणायची, "मावशी, तुमच्यामुळे मी जाडी होऊन राह्यली." पावसाळ्यात टाकीला गढूळ पाणी यायला लागलं. मी मेसमध्ये उकळून ठेवायचे, पण पोरी वरच्या नळाचं प्यायच्या. एकदा प्रणालीनं भरलं ताट परत केलं. डोळे बघितले तर पिवळे. कावीळ.

मला फोनवर बोलायची भीती वाटते. तरी सरांना लावला.

"ताक दे तिला," सर म्हणाले. "आता घरी गेली तर हजेरी बुडेल, वर्ष जाईल. फीतला एक रुपया परत मिळणार नाही. आईला समजाव, तुझं ऐकते ती."

मी सुनंदाताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, पोरीले घेऊन जा."

पण सर आधीच प्रणालीच्या बाबांशी बोलले होते. ते एस.टी.तून रिटायर झालेले. "ह्यायचा सारा पीएफ फीत गेला," ताई म्हणाल्या. "हे म्हनते, परीक्षा होऊ दे."

"कायची परीक्षा? तिले उभं राहता नाई येत."

"सर तं म्हनते, साधी कावीळ हाय."

बाबा न्यायला आले तेव्हा प्रणाली माणसं ओळखत नव्हती. कोलकात्याच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला.

मी काम सोडलं. शिकले ते एवढंच, की पोर आजारी पडलं तर ऑफिसला विचारू नये, तिकीट काढावं.

बाकीच्या पोरींचे पालक ऑफिसात येऊन ओरडायला लागले, तेव्हा सर स्वतः देवळीला चेक घेऊन गेले. नंतर मी ताईंना भेटायला गेले. त्यांनी चहा ठेवला.

"पुरी फी वापस आली, बाई," त्या म्हणाल्या. "एक रुपया नाई कापला."